ख्रिस्ती धर्म आणि पाश्चात्त्य कायदा: संभाजीनगरातला वादविवाद वर्ग कितपत कामाचा?

कॉलेजांच्या वादविवाद स्पर्धांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी छत्रपती संभाजीनगरात कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी एक छोटा वर्ग भरतो. दोन रविवार, सकाळी साडेनऊ ते दुपारी दीड, आणि दोन्ही दिवस ठराव एकच: ‘पाश्चात्त्य कायदा आणि शासनव्यवस्थेचा पाया ख्रिस्ती धर्माने घातला.’ फी 700 रुपये, त्यातच 84 पानांची स्पायरल फाइल. वर्ग घ्यावा का? घ्यावा. मात्र पहिल्या रविवारची मांडणी जशीच्या तशी व्यासपीठावर नेली, तर समोरचा तयारीचा वक्ता ती दोन मिनिटांत उधळून लावेल.

पहिला रविवार अनुकूल बाजूचा. फाइलची सुरुवात बायबलमधल्या दहा आज्ञांपासून होते आणि इथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते. चोरी करू नको, खून करू नको हे जगातल्या प्रत्येक समाजाच्या कायद्यात सापडतं. रोमची बारा कोष्टकं, म्हणजे तिथला जुना लेखी कायदा, इसवी सनापूर्वी सुमारे 450 मधली, म्हणजे ख्रिस्ती धर्माच्या कितीतरी आधीची. उरलेल्या आज्ञांपैकी मूर्तिपूजेची मनाई किंवा शेजाऱ्याच्या वस्तूचा हव्यास, हे आज कोणत्याही पाश्चात्त्य दंडसंहितेत गुन्हे नाहीत. इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाने नवव्या शतकाच्या अखेरीस आपल्या कायद्याच्या आरंभी या आज्ञा घातल्या, एवढा एक धागा खरा आहे. पण तेवढ्यावर सात मिनिटांचं भाषण उभं राहत नाही.

अनुकूल बाजूचा खरा दारूगोळा अकराव्या ते तेराव्या शतकात आहे आणि फाइलने त्याला जेमतेम तीन पानं दिली आहेत. 1075 मध्ये पोप सातव्या ग्रेगरीने सम्राटाला पदच्युत करण्याचा अधिकार सांगितला. 1077 मध्ये जर्मन राजा चौथा हेन्री इटलीतल्या कॅनोसाला पोपची माफी मागायला गेला आणि 1122 मध्ये बिशपांच्या नेमणुकीच्या वादावर वर्म्सचा करार झाला. या झगड्यातून एक गोष्ट रुजली: एकाच भूमीवर दोन अधिकारक्षेत्रं असू शकतात आणि राजाचा हात पोहोचणार नाही असा एक प्रदेश कायद्याने आखता येतो. त्याच काळात, 1140 च्या सुमारास, इटलीतल्या बोलोन्यात ग्रेशियन या धर्मपंडिताने चर्चचे साडेतीन हजारांहून अधिक विखुरलेले, एकमेकांशी भांडणारे नियम एकत्र करून त्यांची संगती लावली. परस्परविरोधी वचनं समोरासमोर ठेवायची आणि तर्काने मार्ग काढायचा, ही पद्धत धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांशी परिचय असलेल्या मराठी विद्यार्थ्याला लगेच कळते. वर्गात तिच्यावर बोलायला हवं होतं.

त्याहून जोरदार मुद्दा 1215 चा. त्या वर्षीच्या चौथ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे चर्चच्या महासभेने, पाद्र्यांना दिव्य करण्याच्या विधीत भाग घ्यायला मनाई केली. तापलेलं लोखंड हातात धरायचं, पाण्यात बुडवायचं आणि निकाल देवावर सोडायचा, हा प्रकार आपल्याकडच्या रवादिव्याच्या जातीचा. पाद्र्याचा आशीर्वाद नाही म्हटल्यावर दिव्याला अर्थच उरला नाही, आणि गुन्ह्याचा निवाडा माणसांनाच करावा लागला. इंग्लंडमध्ये 1219 मध्ये राजाच्या फिरत्या न्यायाधीशांना दिव्य बंद करण्याचे आदेश गेले आणि ती जागा पुढे ज्युरीने घेतली. युरोपच्या बऱ्याच भागात मात्र रोमन आणि चर्चच्या कायद्याच्या मिश्रणातून लेखी पुरावा व न्यायाधीशाने स्वतः करायची चौकशी आली. त्या पद्धतीत गंभीर गुन्ह्यात पूर्ण सिद्धतेसाठी दोन प्रत्यक्षदर्शी साक्षीदार किंवा कबुली लागे. दोन साक्षीदार सहसा मिळत नसत. मग कबुली काढायची, आणि त्यासाठी छळ. 1252 मध्ये पोप चौथ्या इनोसंटने पाखंड्यांच्या चौकशीत छळाला परवानगी दिली. प्रामाणिक वक्त्याने हे दोन्ही सांगावं, कारण प्रतिकूल बाजू ते काढणारच.

आमच्या मते या ठरावाचं उत्तर इथेच आहे. ख्रिस्ती धर्माची खूण कायद्यात काय लिहिलंय यापेक्षा कायदा चालतो कसा यावर जास्त ठळक आहे. इंग्लंडच्या चॅन्सरी कोर्टाचं, म्हणजे सदसद्विवेकाच्या आधारे न्याय देणाऱ्या कोर्टाचं, उदाहरण घ्या. 1529 मध्ये कार्डिनल वुल्झी पायउतार होईपर्यंत तिथले प्रमुख, म्हणजे चॅन्सेलर, बहुतेक धर्मगुरूच असत. कॉमन लॉ, म्हणजे राजाच्या इतर कोर्टांचा रूढ कायदा, नुकसानभरपाई देई, पण ‘हे करू नको’ असा हुकूम प्रतिवादीच्या सदसद्विवेकाला हात घालून चॅन्सरी देई. आज खंडपीठात किंवा तालुक्याच्या कोर्टात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 39 खाली तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज पडतो, त्याची वंशावळ तिथवर जाते. मराठवाड्यातल्या वकिलीच्या विद्यार्थ्यासमोर ठेवायला याहून जवळचा दाखला नाही, आणि फाइलमध्ये त्याचा उल्लेखही नाही.

मॅग्ना कार्टाचं, म्हणजे इंग्लंडच्या राजा जॉनने 1215 मध्ये दिलेल्या हक्कांच्या सनदेचं, पान सुधारून छापायला हवं. पहिल्या कलमात चर्चच्या स्वातंत्र्याची हमी आहे आणि आर्चबिशप स्टीफन लँगटनने मध्यस्थी केली, हे बरोबर. पण दहाच आठवड्यांत, ऑगस्ट 1215 मध्ये, पोप तिसऱ्या इनोसंटने ती सनद रद्दबातल ठरवली, हे फाइल गाळते. पुढच्याच वर्षी, राजा जॉन मेल्यावर, पोपच्याच प्रतिनिधीने तिच्या सुधारित आवृत्तीवर शिक्का मारला, हेही गाळते. दोन्ही माहीत असलेला वक्ता या प्रश्नावर अडकत नाही. अर्धंच माहीत असलेला हमखास अडकतो.

दुसरा रविवार मात्र फार चांगला आहे. प्रतिकूल बाजू शिकवताना शिक्षकांनी जस्टिनियनपासून सुरुवात केली आहे, ती अगदी योग्य. सहाव्या शतकातल्या या रोमन सम्राटाच्या संहितेचा आरंभ त्रैक्यावरच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) श्रद्धेने होतो. पण 533 च्या डायजेस्टमधला, म्हणजे त्याने करवून घेतलेल्या विधिमतांच्या संकलनातला, बहुतेक मजकूर उल्पियन, पॅपिनियन, पॉलस अशा विधिज्ञांचा, म्हणजे साम्राज्य ख्रिस्ती होण्याआधीचा. करार, मालकी, वारसा यांचा सांगाडा तिथला. नंतर अमेरिका येते: 1787 च्या संविधानातलं सहावं कलम सार्वजनिक पदासाठी धार्मिक कसोटी नाकारतं आणि 1791 ची पहिली दुरुस्ती काँग्रेसला धर्मस्थापनेचा कायदा करू देत नाही. ‘अमेरिकेचं सरकार कोणत्याही अर्थाने ख्रिस्ती धर्मावर उभारलेलं नाही’ अशा आशयाचं, उत्तर आफ्रिकेतल्या ट्रिपोलीशी झालेल्या तहाचं अकरावं कलमही फाइलमध्ये आहे. ते वापरताना एवढंच म्हणा की 1797 मध्ये सिनेटने मंजूर केलेल्या इंग्रजी मजकुरात ते आहे. अरबी प्रतीत ते सापडत नाही, आणि 1805 च्या नव्या तहात ते आलं नाही. या एका वाक्याने समोरच्याची हवा निघते.

निवाड्यांची जोडी सगळ्यांत उपयोगी. 1676 च्या टेलर खटल्यात न्यायाधीश मॅथ्यू हेल यांनी ख्रिस्ती धर्म इंग्लंडच्या कायद्याचा भाग असल्याचं म्हटलं. 1917 मध्ये बोमन खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, ते मत नाकारलं आणि निधर्मी संस्थेला दिलेलं मृत्युपत्रातलं दान वैध ठरवलं. अनुकूल बाजूने पहिला निवाडा ठोकला की प्रतिकूल बाजूने दुसरा काढायचा, याचा सराव वर्गात नीट करून घेतात.

सरावाची पद्धत अशी: प्रत्येक मुद्द्याला एक कार्ड, त्यावर चार रकाने. शतक, ठिकाण, कोणी केलं, आणि आजच्या कायद्यापर्यंत कोणत्या वाटेने आलं. चौथा रकाना रिकामा राहिला तर ते कार्ड भाषणात घ्यायचं नाही. या एका नियमासाठी फी द्यायला हरकत नाही. ‘ज्याचा सर्वांशी संबंध, त्याला सर्वांची संमती’ या सूत्राचं कार्ड पाहा. मूळ जस्टिनियनच्या संहितेत, तेही अल्पवयीन मुलाच्या पालकांबाबतच्या खासगी नियमात. तिथून ते चर्चच्या कायदेपंडितांनी उचललं, आणि 1295 मध्ये पहिल्या एडवर्डने पार्लमेंटसाठी पाठवलेल्या बोलावण्यात ते आलं. बीज रोमन, मशागत चर्चची, पीक राजसत्तेचं. कोणत्याही बाजूने बोला, हे कार्ड हातात हवंच.

मग जोड्या पाडतात, एक अनुकूल, एक प्रतिकूल, फिरत्या चषकाच्या स्पर्धेत असतात तशा. सात मिनिटं भाषण, सहाव्या मिनिटाला इशाऱ्याची घंटा, दोन मिनिटं प्रतिवाद. बाजू चिठ्ठीने ठरते. बहुतेकांची चार मिनिटं प्रस्तावनेतच जातात. शिक्षक दीड मिनिटाला थांबवून पहिला पुरावा मागतात, हे बरोबर करतात.

एका ठिकाणी मतभेद नोंदवायला हवा. 25 नोव्हेंबर 1949 च्या घटना समितीतल्या भाषणात बाबासाहेबांनी भिक्खू संघातल्या ठराव, गणपूर्ती आणि मतदानाच्या नियमांचा दाखला दिला होता. वर्गात तो प्रतिकूल बाजूचा मुख्य मुद्दा म्हणून शिकवतात. दाखला मोलाचा आहे, पण ठराव पाश्चात्त्य व्यवस्थेचा आहे आणि परीक्षक विषयांतराचे गुण कापतात. सभेची शिस्त ख्रिस्ती धर्माशिवायही उभी राहते, एवढं सिद्ध करायला प्रतिवादात वीस सेकंद वापरावा.

सोयींचं थोडक्यात: खोली हवेशीर, फाइलची छपाई स्वच्छ, तळटिपांचा टाइप मात्र फार बारीक. सूची नसल्याने स्पर्धेच्या दिवशी पान सापडत नाही, रंगीत चिकटपट्ट्या घरून न्या. सकाळची वेळ नांदेड, लातूरकडच्या विद्यार्थ्यांना गैरसोयीची आहे. त्यांना शनिवारीच मुक्कामाला यावं लागतं आणि 700 च्या फीवर तेवढाच खर्च चढतो. फक्त दुसऱ्या रविवारची नोंदणी 400 रुपयांत होते, फाइल पूर्णच मिळते. लांबून येणाऱ्यांनी तीच घ्यावी, आणि अकराव्या ते तेराव्या शतकाची कार्डं येण्याआधी स्वतः तयार करून आणावीत.