युरोपियन ई-जस्टिस पोर्टल : निम्मं भांडण फॉर्ममध्येच मिटतं, पण वसुलीचं तुमचं तुम्ही बघा

दोन देशांत अडकलेला दिवाणी मामला आला की मूळ पैशाच्या आधी तीन प्रश्न उभे राहतात, दावा कुठल्या कोर्टात लावायचा, कायदा कुणाचा लागणार, आणि निकाल मिळालाच तर दुसऱ्या देशात तो कोण मानणार. ह्या तिन्हींचा मिळून जो विषय होतो त्याला खासगी आंतरराष्ट्रीय कायदा म्हणतात आणि त्यावर जाडजूड पुस्तकं खूप आहेत, पण सामान्य माणसाच्या हातात थेट पडेल अशी वस्तू फारच थोडी. युरोपियन युनियनचं ई-जस्टिस पोर्टल ही त्यातली एक. माझ्या कामात ते सारखं उघडावं लागतं म्हणून सविस्तर लिहितोय, कारण प्रादेशिक सहकार्य वगैरे शब्द परिषदांमध्ये ऐकून ऐकून गुळगुळीत झालेत आणि ते प्रत्यक्षात कसं दिसतं हे बघायचं असेल तर इथे दिसतं.

पोर्टल युरोपियन कमिशन चालवतं, जुलै 2010 पासून आहे, बघायला पैसे लागत नाहीत आणि युनियनच्या अधिकृत भाषांमध्ये आहे. होमपेज बघून घाबरू नका, तिथे सगळंच कोंबलंय, कंपन्यांची रजिस्टरं, वकील शोधा, नोटरी शोधा, पीडितांचे हक्क, काय काय. आपल्या कामाचं म्हणजे सिव्हिल ज्युडिशियल अॅटलास, म्हणजे पोर्टलमधला दिवाणी मामल्यांचा विभाग, आणि त्यातले फॉर्म. सरळ तिकडेच जा.

आता फॉर्म ए. लहान रकमेच्या दाव्यांसाठी युनियनचा 861/2007 नंबरचा जो नियम आहे त्याचा हा पहिला फॉर्म, आणि खरं सांगतो, मला ह्या अख्ख्या पोर्टलमध्ये सगळ्यात जास्त आदर ह्या फॉर्मबद्दल वाटतो. चौथा रकाना बघा, अधिकारक्षेत्राचा. ह्या एका मुद्द्यावर एरवी वकील पानंच्या पानं भरतात, आणि इथे काय, तर टिक करायचे चौकोन : प्रतिवादी तिथे राहतो, ग्राहक तिथे राहतो, करार पूर्ण करायची जागा तिथे आहे, नुकसान तिथे झालं, स्थावर मालमत्ता तिथे आहे, आधीच कोर्ट ठरवलं होतं, वगैरे. समजा फ्रान्समधल्या बाईंनी स्पेनमधल्या दुकानदाराकडून ऑनलाइन फ्रिज मागवला, तो बिघडलेला आला आणि पैसे परत मिळेनात. दुकानदार जर फ्रान्समधल्या गिऱ्हाइकांना धरून धंदा करत असेल तर बाईंनी ग्राहकाच्या चौकोनात टिक करायची आणि दावा स्वतःच्या घराजवळच्या कोर्टात लावायचा, स्पेनला जायची गरज नाही. त्या एका टिकच्या मागे कोर्ट कुठलं हे ठरवणाऱ्या 1968 च्या ब्रुसेल्स करारापासून आजच्या 1215/2012 नियमापर्यंतची सगळी मेहनत उभी आहे, पण ते बाईंना माहीत असायची गरज नाही. आणि रकान्यांचे नंबर प्रत्येक भाषेत तेच. म्हणजे स्वतःच्या भाषेतला फॉर्म शेजारी उघडून ठेवा आणि परक्या भाषेतला भरत जा, 4.2 तिकडेही 4.2 च असतो. हे ज्याला सुचलं त्याला सलाम.

पुढची चाकोरीही ठरलेली आहे. फॉर्म नीट भरलेला असेल तर कोर्टाने 14 दिवसांत प्रतिवादीला पाठवायचा, सोबत उत्तराचा फॉर्म सी, त्याला उत्तराला 30 दिवस, उत्तर आलं की 14 दिवसांत ते वादीकडे, आणि मग 30 दिवसांत एकतर निकाल नाहीतर अजून माहिती मागवा नाहीतर सुनावणी ठेवा. काही राहिलं असेल तर दावा फेकून न देता कोर्ट फॉर्म बी पाठवून दुरुस्ती मागतं. वकील सक्तीचा नाही, सगळं मुळात लेखी चालतं, सुनावणी लागलीच तर व्हिडिओवर घेता येते. मर्यादा 5000 युरो, व्याज आणि खर्च सोडून, पूर्वी 2000 होती, जुलै 2017 पासून वाढली. पगाराची, नोकरीची भांडणं मात्र ह्यात बसत नाहीत, वारसाहक्काची नाहीत, पोटगीची नाहीत, तेव्हा आधी विषय बघा आणि मग फॉर्म भरायला बसा.

निकाल लागला की फॉर्म डी मिळतो, तो दाखला घेऊन दुसऱ्या देशात थेट अंमलबजावणीला जायचं, तिथल्या कोर्टाकडून आधी मान्यता आणायची भानगड नाही. ही मान्यतेची पायरी काढून टाकणं म्हणजे किती मोठी गोष्ट आहे हे ज्याने परदेशी हुकूमनामा घेऊन चकरा मारल्यात त्यालाच कळेल.

हे युरोपातच का जमलं असं वाटत असेल तर माझ्या मते कारण एकच, शब्दाचा अर्थ काय हे शेवटी सांगणारं एक कोर्ट आहे, युनियनचं, लक्झेंबर्गला. नियम सारखे लिहिणं तुलनेने सोपं असतं हो, पण तोच नियम लिस्बनमध्ये एक आणि वॉर्सॉमध्ये दुसरा वाचला गेला तर सारखेपणा दोन वर्षं टिकत नाही. लॅटिन अमेरिकेने ह्या विषयात युरोपच्या आधी हात घातला होता, मोंटेविडिओचे करार 1889 चे, बुस्तामांते कोड 1928 ची, नंतर 1975 पासून अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेच्या परिषदा, काम दर्जेदार आहे, पण कुणी कुठला करार मान्य केलाय ह्याचं कोष्टक घेऊनच बसावं लागतं आणि अर्थ लावणारं सामाईक कोर्ट नाही. आफ्रिकेत 17 देशांच्या ओहाडा नावाच्या संघटनेने वेगळी वाट धरली, कोणाचा कायदा हा प्रश्नच नको म्हणून व्यापारी कायदाच एक केला आणि वर अबिदजानला कोर्ट बसवलं. तिथेही कोर्ट आहे हे लक्षात घ्या. सार्कमध्ये मात्र दिवाणी निकाल एकमेकांकडे अमलात आणायची अशी काही व्यवस्थाच नाही, आणि ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण माणसं, पैसा, लग्नं, सगळं सीमा ओलांडतंच.

आता तक्रारी. फॉर्म डी घेऊन तुम्ही दुसऱ्या देशात पोचलात की सारखेपणा तिथे संपतो. जप्ती कशी करायची, बेलिफ कोण, त्याची फी किती, पगारातला किती भाग हात लावता येत नाही, हे सगळं ज्या त्या देशाच्या कायद्याने. कोर्ट फी पण तशीच, कुठे ठरावीक रक्कम, कुठे दाव्याच्या टक्क्यात. पोर्टलवर प्रत्येक देशाचं पान आहे आणि ती पानं युरोपियन ज्युडिशियल नेटवर्क ह्या सदस्य देशांच्या न्याययंत्रणांच्या जाळ्यातले त्या त्या देशातले लोक सांभाळतात, म्हणून काही पानं एवढी सुंदर की प्रिंट काढून ठेवावीत आणि काही अगदी दोन ओळींत आटोपलेली. मूळ भाषेतलं पान बदललं तरी भाषांतर मागे राहू शकतं, तशी सूचना पोर्टल स्वतःच पानावर देतं, हे प्रामाणिक आहे पण ज्याची मुदत चार दिवसांवर आली त्याने काय करायचं? खाली शेवटच्या बदलाची तारीख असते, ती बघितल्याशिवाय फीचा आकडा कुणाला सांगू नका.

आणि भाषा. फॉर्म टिकचा असला तरी आठव्या रकान्यात हकिकत लिहावी लागते आणि ती कोर्टाच्या भाषेत. फॉर्म भरायला मदत सदस्य देशांनी फुकट उपलब्ध करून द्यायची असं नियमात आहे, ती जरूर मागा, बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं.

वारसाचं युरोपियन प्रमाणपत्रही इथेच सापडतं, 650/2012 नंबरच्या नियमाचं, ऑगस्ट 2015 पासून. माणूस शेवटी जिथे कायम राहत होता तिथला कायदा अख्ख्या इस्टेटीला, आपल्या नागरिकत्वाचा कायदा आधी निवडून ठेवायची मुभा. कल्पना झकास आहे. फक्त एक लक्षात ठेवा, मूळ प्रमाणपत्र देणाऱ्याकडेच राहतं, तुम्हाला प्रमाणित प्रत मिळते आणि ती साधारण सहा महिनेच चालते, त्यामुळे बँक, जमीन, गाडी सगळीकडची कामं एकदम काढा, नाहीतर परत नवी प्रत.

नकाशाला भोकं आहेत तीही सांगून ठेवतो. डेन्मार्क लहान दाव्यांच्या नियमात नाही, वारसाच्या नियमातही नाही, आयर्लंड पहिल्यात आहे पण दुसऱ्यात नाही. ब्रिटन वारसाच्या नियमात कधीच नव्हतं आणि लहान दाव्यांच्या नियमातून 2020 संपताना बाहेर पडलं, तिथले निकाल आता बहुतेक करून हेगच्या 2019 च्या, परदेशी दिवाणी निकाल मानण्याच्या करारातून चालवावे लागतात, जो ब्रिटनला 1 जुलै 2025 पासून लागू झालाय आणि फक्त त्या तारखेपासून पुढे सुरू झालेल्या दाव्यांना. म्हणजे मधल्या काळात दावा लावलेल्यांचे हाल आहेतच.

रेटिंग म्हणाल तर फॉर्म आणि अॅटलासला पाचपैकी पाच, देशांच्या पानांना तीन, शोधण्याच्या सोयीला दोन, सर्च बॉक्सच्या नादी लागण्यापेक्षा नियमाचा नंबर माहीत असेल तर तो घेऊन शिरा. 5000 युरोच्या आतला दावा आहे, प्रतिवादीचा पत्ता पक्का आहे आणि त्याच्याकडे वसूल होण्यासारखं काही आहे, अशांनी बिनधास्त वापरा. ज्याचा पत्ताच माहीत नाही त्याच्यावर फॉर्म भरण्यात वेळ घालवू नका, आणि बँक खातं गोठवायचं असेल तर 655/2014 नंबरच्या नियमाचा वेगळा फॉर्म त्याच अॅटलासमध्ये आहे, तिकडे जा.