लाल चकतीचा टायमर: घ्यावा, पण घंटा बंद करून

शाळेच्या डायरीत ‘लक्ष नसते’, ‘जागेवर बसत नाही’, ‘वही अपूर्ण’ असे शेरे ओळीने येऊ लागले की पालक खरेदीला लागतात. बसायला हलणारी उशी, बोटांत फिरवायची भिरभिरी (फिजेट स्पिनर), कानांवरचे हेडफोन आणि लाल चकतीचा टायमर ही नेहमीची यादी. त्यातला टायमर तेवढा पैसे वसूल करतो. पाचपैकी साडेतीन गुण. उरलेले दीड का कापले, ते पुढे येईलच.

वस्तू साधी आहे. गोल तबकडीवरची लाल चकती हव्या तेवढ्या मिनिटांवर ओढून सोडायची. वेळ सरेल तसा लाल भाग आकसत जातो आणि शून्याला दिसेनासा होतो. घड्याळ वाचता न येणाऱ्या मुलालाही ‘किती उरलं’ ते कळतं, आणि सगळं मर्म इथेच आहे. एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं जड जाणारी अवस्था) असलेल्या मुलाला ‘पाच मिनिटांत आवर’ हे ऐकू येतं, पण पाच मिनिटं म्हणजे किती हे आतून जाणवत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांनी 1997 मध्ये मांडलेल्या सिद्धांतात अडचणीचं मूळ स्वतःला आवरण्याच्या क्षमतेत दाखवलं आहे, आणि वेळेचं भान त्याच क्षमतेशी जोडलेलं आहे. म्हणून वेळ डोळ्यांना दिसेल अशी, आणि काम चाललंय त्याच टेबलावर हवी. भिंतीवरच्या घड्याळाचा इथे काही उपयोग नाही.

घेताना आधी तबकडी किती मिनिटांची आहे ते बघा. बहुतेक जण 60 मिनिटांची उचलतात आणि तिथेच फसतात. तिच्यावर 5 मिनिटं म्हणजे जेमतेम 30 अंशांची फोड. ती आकसतेय हे लहान मुलाला कळतही नाही. 20 मिनिटांच्या तबकडीवर तीच 5 मिनिटं पाव वर्तुळ व्यापतात. प्राथमिकच्या मुलाला 20 चीच घ्या. 60 ची आंघोळ, नाश्ता, दप्तर अशा सकाळच्या मोठ्या टप्प्यांना ठीक. दुसरं, आवाज. चावीचे टायमर टिकटिकतात, आणि काही मुलांचं सगळं लक्ष त्या टिकटिकीवरच जातं. शिवाय चावीच्या बऱ्याच टायमरांत कमी मिनिटं लावताना चकती आधी बरीच पुढे नेऊन मग मागे आणावी लागते, नाहीतर घंटा वाजतच नाही. सेलवर चालणारा, बिनआवाजाचा आणि घंटा बंद करायचं बटण असलेला घेतलेला बरा. मोबाइलवरचं ॲप फुकट मिळतं खरं, पण ज्या वस्तूपासून मुलाला लांब ठेवायचं तीच त्याच्या वहीशेजारी आणून ठेवायची, हा काही शहाणपणा नाही. वाळूचं घड्याळ दात घासायच्या 2 मिनिटांपुरतं चांगलं. मधे थांबवता येत नाही आणि मूल ते उलटंसुलटं करत बसतं.

आता वापर. पहिले तीन दिवस टायमर लावूच नका. अभ्यासाला बसल्यापासून मूल किती मिनिटांनी उठतं किंवा भरकटतं, तेवढं लिहून ठेवा. समजा 4, 7 आणि 6 मिनिटं आली, तर सुरुवात 5 पासून. ‘निदान अर्धा तास तरी’ हा आकडा पालकांच्या मनातला असतो, मुलाच्या आवाक्यातला नव्हे. पुढचा आठवडाभर टायमर फक्त आवडत्या गोष्टींना लावा: खेळायला अजून किती वेळ आहे, पाहुणे यायला किती. म्हणजे लाल चकती दिसली की कपाळाला आठी पडत नाही. मग अभ्यास. टेबलावर एकच वही, एक पेन्सिल, पान उघडलेलं. सांगायचं एवढंच: ‘पहिली तीन गणितं.’ चकती मुलानेच ओढावी. शून्य झालं की लगेच, नेमकं कौतुक: ‘पूर्ण वेळ बसलास, तिसरं गणित खोडून नीट केलंस.’ मग 3 ते 4 मिनिटं हातपाय हलवायची सुट्टी, तीही टायमर लावून. सुट्टीत टीव्ही किंवा मोबाइल नको. तो बंद करताना नवं भांडण उभं राहतं. पाचपैकी चार वेळा जमलं की 1-2 मिनिटं वाढवा. दोन दिवस लागोपाठ फिसकटलं तर निमूट मागे या.

बिघडतं कुठे? एक म्हणजे शर्यत. उतावळं मूल चकती संपायच्या आत उरकायला बघतं आणि अक्षर, हातचे, वजाबाकीची चिन्हं सगळं गळतं. त्याला नियम उलटा सांगावा लागतो: चकती संपेपर्यंत बसायचं, आधी झालं तर उत्तरं तपासायची. काही मुलं उलट घाबरतात, आकसणारी चकती बघून रडवेली होतात. तिथे टायमर फक्त सुट्टीपुरता ठेवा. हात लावून चकती पुढे ढकलणारेही असतात. हाताला लागणार नाही पण डोळ्यासमोर राहील असा ठेवला की प्रश्न मिटतो. सगळ्यात मोठा घोळ मात्र मोठी माणसं घालतात. टायमर चालू आणि शेजारी दर मिनिटाला ‘बघ, किती उरलं!’ अहो, ती कटकट बंद व्हावी म्हणूनच तर ही वस्तू आणली.

शाळेत न्यायचा असेल तर आधी वर्गशिक्षकांशी बोला. एकाच बाकावर टायमर ठेवला की चिडवाचिडवी होते आणि घंटा वाजली तर सगळा वर्ग वळून बघतो. फळ्याजवळ एक मोठा टायमर, सगळ्यांसाठी, घंटा बंद, हे जास्त चांगलं चालतं. पण शाळेतल्या वागण्यासाठी टायमरपेक्षा रोजचं कार्ड सरस ठरतं, आणि गुण कापलेत ते मुख्यतः इथे. कार्डावर तीन किंवा चारच गोष्टी, मोजता येतील अशा: ‘दोनदा सांगायच्या आत वही काढली’, ‘हात वर करून बोलला’, ‘फळ्यावरचं उतरवून घेतलं’. ‘नीट वागला’ असलं मोघम काही नको. त्यावर रोज वाद होतो. प्रत्येक तासाला शिक्षक हो किंवा नाही एवढीच खूण करतात. सुरुवातीची पातळी अशी ठेवा की बहुतेक दिवशी मूल जिंकेल. बक्षीस त्याच संध्याकाळी द्यायचं. सोमवारी मिळवलेलं बक्षीस शनिवारी द्यायचं ठरलं तर तोवर त्यातली जान गेलेली असते. बक्षिसंही बदलत ठेवा, दोन-तीन आठवड्यांत त्यांचा कंटाळा येतो. कार्ड हरवणारच, हे धरून चाला. हरवलं म्हणून शिक्षा नको, तेवढंच त्या दिवशीचं बक्षीस नाही.

उरलेल्या यादीबद्दल थोडक्यात. 2017 मध्ये ज्यांची लाट आली होती ती भिरभिरी वर्गात नकोत. डोळे त्यांच्यावरच खिळतात. हाताला चाळा हवाच असेल तर न बघता दाबता येईल असा, बिनआवाजाचा. हलणाऱ्या उशीचा अनुभव मुलागणिक वेगळा, म्हणून आधी कुणाकडून तरी मागून आणून बघा.

हा टायमर उपचार नव्हे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांत सहा वर्षांखालच्या मुलांसाठी आधी पालकांचं प्रशिक्षण आहे, त्यापुढच्या वयात औषध आणि वर्तनोपचार यांची जोड. आणि निदानासाठी त्रास घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावा लागतो. मूल खेळताना, चित्रं काढताना तासभर टिकतं म्हणून एडीएचडी नाही असं होत नाही. पण फक्त वाचनाचं पुस्तक उघडलं की उठत असेल, बाकी सगळीकडे ठीक असेल, तर टायमर तूर्त घेऊ नका. आधी डोळे, कान आणि वाचनातली अडचण तपासून घ्या.