यॉन्कर्स रेसवे आणि एम्पायर सिटी कॅसिनो: यंत्रांपाशी थांबू नका, मागे जा

ठाणे-नवी मुंबईतून दरवर्षी कितीतरी आईबाप मुलांकडे अमेरिकेला जातात. मुक्काम न्यूयॉर्कच्या बाजूला असला की एखाद्या संध्याकाळी कोणीतरी त्यांना कॅसिनो दाखवायला नेतंच. तुम्हाला यॉन्कर्सच्या एम्पायर सिटीत नेलं, तर माझं एवढं ऐका: दिव्यांच्या झगमगाटात अडकून पडू नका. सरळ मागच्या अंगाला जा. तिथे अर्ध्या मैलाचा ट्रॅक आहे आणि त्यावर दोन चाकांच्या हलक्या गाड्यांना जुंपलेले घोडे धावतात. बघण्यासारखं काही असेल तर ते तिथे आहे.

मी जनावरांची डॉक्टर. परळला शिकले, दवाखाना ठाण्यात चालवला, आणि माथेरानच्या घोड्यांच्या तपासणी शिबिरांना वर्षानुवर्षं जात आले. घोडा समोर आला की माझी नजर आधी त्याच्या पायांवर जाते, तेव्हा हा अभिप्रायही तसाच वाचा. मुलगी व्हाइट प्लेन्सला राहते, तिथून ट्रॅक जवळ. सोबत नेरुळच्या आमच्या विहीणबाई होत्या. त्यांना कॅसिनो बघायचा होता, मला घोडे. दोघींचं काम एकाच छपराखाली झालं.

आपल्याला शर्यत म्हटलं की महालक्ष्मी आठवते: पाठीवर जॉकी आणि चौखूर धावणारा घोडा. इथे घोड्याने चौखूर धावायचंच नाही. काही शर्यती दुडक्या चालीच्या असतात. त्यात पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकदम पडतो, मग उलट जोडी. बाकीच्या, आणि यॉन्कर्सला त्याच जास्त, पेसर घोड्यांच्या. त्यांचे एकाच बाजूचे दोन्ही पाय एकदम पुढे जातात. सारंगखेड्याच्या यात्रेत रेवाल चालीचे घोडे ज्यांनी पाहिलेत, त्यांना थोडा अंदाज येईल, फक्त इथला वेग ताशी पन्नास किलोमीटरच्या घरात असतो. चाल टिकावी म्हणून बहुतेक पेसरच्या प्रत्येक बाजूच्या पुढच्या-मागच्या पायांना पट्ट्यांचे फास घातलेले असतात. घोडा चाल सोडून उधळला तर हाकणाऱ्याने त्याला आवरायचं, बाजूला घ्यायचं आणि पुन्हा चालीवर आणायचं. तोवर बाकीचे निघून गेलेले असतात.

सुरुवातच मोठी देखणी. एक मोटार ट्रॅकवरून चालत येते, तिच्या मागच्या बाजूला दोन लांब पंख उघडलेले. सगळे घोडे त्या पंखांना नाक लावून, एका रांगेत, तिच्या मागे धावत येतात. रेषा आली की पंख मिटतात, मोटार सुसाट पुढे पळते आणि शर्यत सुटते. धावत्या मोटारीची ही युक्ती १९४६ साली लाँग आयलंडवरच्या रूझवेल्ट रेसवेने रूढ केली. त्याआधी सुरुवात पुन्हा पुन्हा चुकायची, घोडे परत मागे आणावे लागायचे, आणि बघणारे कंटाळून जायचे. शर्यत एक मैलाची, म्हणजे या ट्रॅकवर दोन फेऱ्या, आणि सगळा खेळ दोन मिनिटांच्या आत आटोपतो.

मी बाहेर कठड्यापाशी उभी राहिले. घोडे वळणावरून आले तेव्हा आधी नालांचा आवाज ऐकू आला, मग चाकांची सूं, मग हाकणाऱ्यांच्या आरोळ्या. शर्यत संपल्यावर एक तांबडा घोडा समोरून हळूहळू परत गेला. छातीच्या पट्ट्याखाली घामाचा पांढरा फेस, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या, नाकपुड्या फुललेल्या, पण कान पुढे. मी त्याच्या नळ्या बघितल्या, घोटे बघितले. चारही पाय स्वच्छ, म्हणजे कुठे सूज नाही. टाच टाकताना कुठेही कच नाही. हे घोडे बऱ्याचदा आठवड्याला एकदा धावतात. महालक्ष्मीचा नाजूक थरोब्रेड इतका वारंवार पळवला तर टिकायचा नाही. ही स्टँडर्डब्रेड जातच काटक आहे.

तिची कुळकथाही याच परिसरातली. मेसेंजर नावाचा राखाडी घोडा १७८८ साली इंग्लंडहून अमेरिकेत आणला. त्याच्या वंशातला हॅम्बलटोनियन १८४९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्याच ऑरेंज काउंटीत जन्मला. तिथल्या विल्यम रिसडिक नावाच्या शेतगड्याने तो शिंगरू असतानाच आईसकट १२५ डॉलरला विकत घेतला. पुढे त्याची तेराशेहून जास्त पिल्लं झाली आणि आज अमेरिकेत गाडीला धावणाऱ्या जवळजवळ प्रत्येक स्टँडर्डब्रेड घोड्याचं कूळ त्याच्यापाशी जाऊन पोचतं. पैदाशीचं शास्त्र शिकलेल्या माणसाला ही गोष्ट थक्क करते. यॉन्कर्सला दरवर्षी होणारी पेसरांची मोठी शर्यत मेसेंजरच्याच नावाची आहे. यॉन्कर्स ट्रॉट ही दुडक्या चालीच्या तिहेरी मुकुटातली, म्हणजे तीन मानाच्या शर्यतींतली, एक.

जागेचा इतिहास थोडक्यात सांगते. विल्यम क्लार्क या वकिलाने १८९९ मध्ये एम्पायर सिटी ट्रॅक बांधला, तोही घोडागाड्यांसाठीच. पण १९०० मध्ये तो वारला, मालकीचे वाद लागले आणि ट्रॅक बरीच वर्षं जवळपास बंद राहिला. मग आयर्लंडहून आलेल्या, किराणा दुकानांची साखळी चालवणाऱ्या जेम्स बटलरने तो घेतला आणि १९०७ पासून तिथे जॉकीच्या शर्यती सुरू केल्या. सीबिस्किट हा गाजलेला घोडा १९३७ मध्ये इथे जिंकलेला आहे. जॉकीच्या शर्यती १९४२ पर्यंत चालल्या. १९५० मध्ये विल्यम केन आणि त्याच्या भागीदारांनी पुन्हा घोडागाड्या आणल्या आणि यॉन्कर्स रेसवे हे नाव दिलं. रात्री दिव्यांच्या उजेडात शर्यती, दिवसभर काम करून आलेला नोकरदार, दोन डॉलरची पैज असा तो जमाना होता. १९७२ मध्ये रूनी कुटुंबाने ट्रॅक घेतला. पिट्सबर्गच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे मालक ते हेच.

पण हळूहळू लोक कमी होत गेले. लॉटरी आली, ट्रॅकबाहेर पैजा लावायची सोय झाली, टीव्ही तर घरोघर होताच. ज्या रूझवेल्ट रेसवेवर १९६० मध्ये एका शर्यतीला पन्नास हजारांवर माणूस लोटला होता, तो १९८८ मध्ये बंद पडला. न्यू जर्सीतला फ्रीहोल्ड हा अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या ट्रॅकपैकी एक. तोही डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाला. एडिसनला मुलाकडे जाणाऱ्यांना तो सगळ्यात जवळचा होता.

यॉन्कर्स टिकला तो कॅसिनोमुळे. २००१ च्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्क राज्याच्या तिजोरीला खड्डा पडला होता. त्याच ऑक्टोबरमध्ये रेस ट्रॅकवर लॉटरीची व्हिडिओ यंत्रं बसवायला परवानगी देणारा कायदा झाला. यॉन्कर्सला ती ऑक्टोबर २००६ मध्ये सुरू झाली. यंत्रांच्या उत्पन्नातला मोठा वाटा राज्यातल्या शिक्षणासाठी जातो, आणि एक हिस्सा कायद्यानेच शर्यतींच्या बक्षिसांना आणि घोड्यांच्या पैदाशीला द्यावा लागतो. म्हणजे पुढच्या दालनात यंत्रावर हरणारा माणूस मागच्या तबेल्यातल्या घोड्याच्या चंदीचे पैसे भरतो. मला हे बघून आनंद झाला असं म्हणवत नाही. पण ही व्यवस्था नसती तर आज तिथे इमारती उभ्या असत्या, हेही तितकंच खरं. २०१९ मध्ये एमजीएम या कॅसिनो चालवणाऱ्या कंपनीने ट्रॅक आणि कॅसिनो मिळून ८५ कोटी डॉलरला घेतलं.

पणजीला मांडवीतल्या बोटींवर जाऊन आलेल्यांनी एक लक्षात ठेवावं. तिथे टेबलावर माणूस पत्ते वाटतो, इथे तसं नाही. सगळी यंत्रं. रूलेटसारखे खेळसुद्धा पडद्यावरच. ही यंत्रं राज्याच्या लॉटरी यंत्रणेला जोडलेली असतात. पूर्ण कॅसिनोचा परवाना मिळवायचा इथे प्रयत्न चालला होता, पण ऑक्टोबर २०२५ मध्ये एमजीएमने तो अर्ज मागे घेतला.

विहीणबाई एका यंत्रापुढे बसल्या. किती घालवायचे ते त्यांनी घरूनच ठरवून आणलं होतं, तेवढीच नोट बाहेर काढली. थोडं जिंकल्या, मग गेलं. मी म्हटलं, "चला विहीणबाई, आता मागे जाऊ." त्या म्हणाल्या, "अहो, घोडे काय, माथेरानला पण बघते की मी." पण कठड्यापाशी आल्या आणि दुसऱ्या शर्यतीपासून पाच नंबरच्या घोड्याला हाका मारायला लागल्या. नंतर आत जायचं नाव नाही.

पैज लावायची पद्धत महालक्ष्मीच्या टोटसारखीच. सगळ्यांचे पैसे एका गंगाजळीत जमतात, ट्रॅक आणि सरकार आपला वाटा कापतात, उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटलं जातं. म्हणून भाव शर्यत सुटेपर्यंत हलत राहतो. घेतलेला वाटा कोणालाच परत मिळत नाही, तेव्हा यातून कमाई होईल असं मनातही आणू नका. नुसतं बघायचं असेल तर एक गोष्ट ध्यानात घ्या. अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर पहिलं वळण लगेच येतं, म्हणून आतल्या बाजूने सुटणाऱ्या घोड्यांना फायदा असतो. बाहेरून सुटलेला घोडा आत घुसू शकला नाही, तर प्रत्येक वळणावर त्याला जास्त अंतर कापावं लागतं. असा बाहेरून झुंजत आलेला घोडा शेवटच्या टप्प्यात थकलेला दिसतो. तो हरला तरी त्याच्याकडे बघा. त्या शर्यतीत सगळ्यात जास्त मेहनत बहुतेक त्यानेच केलेली असते.

हाकणाऱ्यांचंही सांगते. वजनाची जॉकीसारखी कडक बंधनं त्यांना नाहीत, त्यामुळे साठी उलटलेली माणसंही गाडीवर दिसतात. अंगावरचे रंग हाकणाऱ्याचे स्वतःचे असतात, घोड्याच्या मालकाचे नव्हेत. तेव्हा एकदा रंग ओळखता आले की रात्रभर माणूस ओळखता येतो.

आता जे बोचतं तेही. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या सरकारी वकिलांनी घोड्यांना उत्तेजक औषधं दिल्याच्या प्रकरणात २७ जणांवर आरोप ठेवले. त्यात जॉकीच्या शर्यतींचे आणि घोडागाड्यांचे, दोन्हीकडचे प्रशिक्षक होते, आणि पशुवैद्यही होते. माझ्याच व्यवसायातली माणसं सुई घेऊन उभी होती, याचा मला संताप येतो. घोडा बोलत नाही. त्याचा पाय दुखतोय हे आपण ओळखायचं असतं, आणि दुखणं मारून त्याला पळवायचं म्हणजे मोडलेल्या पायावर उभं करणं. शर्यतीनंतर नमुने तपासले जातात, पण ज्याला लपवायचंय तो तपासणीच्या एक पाऊल पुढे राहायला बघतो. बक्षिसाचे पैसे वाढले की हा मोहही वाढतो. कॅसिनोचा पैसा घोड्यांपर्यंत पोचतो म्हणून त्याचं कौतुक करणाऱ्यांनी याचाही विचार करावा. निवृत्त घोड्यांतले बरेचसे आमिश लोकांच्या, म्हणजे मोटारी न वापरणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाच्या, बग्ग्यांना जुंपले जातात. गाडीची सवय असतेच. काही ठिकाणी चांगले दिवस मिळतात, काही ठिकाणी तिथेही राबणंच.

मेट्रोने जायचं तर चार नंबरची गाडी ब्राँक्समध्ये वुडलॉनला संपते. तिथून सेंट्रल अव्हेन्यूने जाणारी वीस नंबरची बी-लाइन बस ट्रॅकवरून जाते. ओळखपत्र जवळ ठेवा, पासपोर्ट चालतो. खाण्याबद्दल मी काही लिहीत नाही, आम्ही जेवूनच निघालो होतो. मुलांकडे मोटार असेल आणि एखादा दिवस मोकळा असेल, तर ऑरेंज काउंटीतल्या गोशेनलाही जा. तिथे १८३८ पासूनचा ट्रॅक आहे, शेजारी घोडागाड्यांच्या शर्यतींचं संग्रहालय आहे. यॉन्कर्सला शर्यती रोज नसतात. निघण्याआधी त्या दिवशी आहेत ना, एवढं मुलाला किंवा सुनेला फोनवर बघायला सांगा.