१५०-६०० झूम: पक्षी शार्प येतो, मागच्या काड्यांचं काय?

पक्ष्यांच्या फोटोसाठी १५०-६०० मिलिमीटरची झूम लेन्स घेणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ६०० ला शार्प आहे का? आहे. मानेवरची पिसं सुटी सुटी दिसतात, डोळ्यातला उजेडाचा ठिपका स्वच्छ येतो, आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं तोंड) पूर्ण उघडं, म्हणजे एफ/६.३ वर असतानाही (हा आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं) फ्रेमचा मधला भाग बिनधास्त वापरता येतो. बसलेल्या पक्ष्यावर फोकस झटकन लागतो, उडत्या पक्ष्यावर उजेड चांगला असेल तर लागतो. वजन दोन किलोच्या आसपास, त्यामुळे हातात धरून बराच वेळ चालता येतं. शार्पनेसबद्दल एवढंच लिहिते. या लेन्सबद्दल जे सहसा लिहिलं जात नाही ते सगळं पक्ष्याच्या मागे घडतं, आणि मला त्याबद्दल लिहायचं आहे.

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या मापाची झूम एकापेक्षा जास्त कंपन्या बनवतात, आणि ज्या स्वभावाबद्दल मी बोलतेय तो कमी-जास्त प्रमाणात या वर्गातल्या मी वापरलेल्या सगळ्याच लेन्समध्ये दिसला.

गप्पीदासाची मादी वाळक्या काटकीच्या टोकावर बसलेली. तिच्या मागे साधारण दोन मीटरवर पानं झडलेलं काटेरी झुडूप. फोटोत मादी अप्रतिम आली, छातीवरचा फिकट तांबूस रंग अगदी जसाच्या तसा. पण मागचं झुडूप विरघळलेलं नाही. त्यातल्या प्रत्येक काडीच्या दोन काड्या झाल्यात, समांतर, कडेला उजळ आणि मधे पोकळ. दोन काड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे चार रेघांची जाळी. त्यातली एक दुहेरी रेघ बरोबर तिच्या डोक्यामागून गेली आहे. फोटो उघडला की नजर आधी त्या जाळीत अडकते आणि मग पक्ष्याकडे येते. शार्पनेस कितीही असू दे, असा फोटो मी ठेवत नाही.

असं का होतं ते कळलं की अर्धा प्रश्न सुटतो. फोकसच्या बाहेर गेलेला प्रत्येक ठिपका सेन्सरवर एक चकती होऊन पडतो. चकतीत उजेड मधे जास्त आणि कडेला विरत जाणारा असेल, तर शेजारशेजारच्या चकत्या एकमेकींत मिसळतात आणि मागचा भाग लोण्यासारखा होतो. उलट चकतीची कडाच उजळ असेल तर काडीसारख्या बारीक वस्तूच्या दोन्ही बाजूंना उजळ रेघ उमटते आणि एका काडीच्या दोन होतात. ही उजळ कडा येते स्फेरिकल अ‍ॅबरेशनच्या दुरुस्तीतून. लेन्सच्या कडेतून आणि मधून जाणारे किरण नेमके एकाच जागी जुळावेत म्हणून ही दुरुस्ती केलेली असते. ती किंचित जास्त झाली की फोकसच्या मागची चकती कडेला उजळते आणि पुढची मऊ होते. दुरुस्ती किंचित कमी राहिली तर याच्या बरोबर उलट. पक्ष्यांच्या फोटोत गोंधळ बहुतेक वेळा मागेच असतो, त्यामुळे जास्त झालेली दुरुस्ती आपल्याला नडते. १५० पासून ६०० पर्यंत सगळीकडे शार्प राहायचं, वजन आवाक्यात ठेवायचं आणि वर मागची चकतीही मऊ ठेवायची, हे एकाच लेन्सकडून मागणं फार आहे. तडजोड कुठेतरी होणारच.

चकतीचा आकार मात्र स्वभावाचा भाग नाही, तो सरळ हिशेब आहे. ६०० ला ६.३ ने भागलं की सुमारे ९५ मिलिमीटर येतात. हे लेन्सच्या उघड्या तोंडाचं माप. मागचा ठिपका खूप दूर असेल तर पक्ष्याच्या जागी मोजलेली त्याची चकती जवळजवळ एवढीच, ९५ मिलिमीटरची होते. धीवर म्हणजे छोटा खंड्या चोचीसकट सोळा-सतरा सेंटिमीटरचा असतो, म्हणजे ही चकती त्याच्या अर्ध्याहून मोठी झाली. एवढ्या मोठ्या चकतीत कुठलाही पाणवठा, कुठलंही रान विरघळून जातं, मग कडा उजळ असो की मऊ. म्हणून दूरची हिरवाई मागे ठेवून काढलेले नमुन्याचे फोटो बघून लेन्स ठरवू नये. त्या परीक्षेत सगळ्याच टेलिफोटो पास होतात.

आता पक्षी १० मीटरवर आणि झुडूप १२ मीटरवर धरा. दोन्ही अंतरांतला फरक भागिले झुडपाचं अंतर, म्हणजे दोन भागिले बारा, आणि त्याने तोंडाचं माप गुणायचं. ९५ चा सहावा हिस्सा: १६ मिलिमीटर. काडी तीन-चार मिलिमीटर जाड, चकती १६ मिलिमीटरची. काडी नाहीशी व्हायला ही चकती लहान आहे आणि नीट दिसायला मोठी. उजळ कडा नेमकी याच मधल्या पट्ट्यात उघडी पडते. फुल फ्रेमवर, म्हणजे जुन्या फिल्मएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर, १० मीटरला फोकसची खोली, म्हणजे शार्प दिसणारा पट्टा, जेमतेम १० सेंटिमीटर असते, त्यामुळे पक्षी सुटा दिसणार अशी आपली समजूत होते. पण खोली कमी असणं वेगळं आणि मागचं विरघळणं वेगळं.

मोठी प्राइम, म्हणजे झूम न होणारी एकाच लांबीची लेन्स, घेतली की सुटलो, असं अनेकांना वाटतं. ६०० एफ/४ चं तोंड १५० मिलिमीटरचं. त्याच गप्पीदासाला, त्याच झुडपासमोर तिची चकती २५ मिलिमीटर होईल. १६ पेक्षा नक्कीच बरी, शिवाय अशा लेन्सची चकती बहुधा जास्त समही असते. पण वजन तीन किलोच्या पुढे जातं. याउलट हीच झूम घेऊन पक्ष्याला न बिचकवता ७ मीटरवर पोचता आलं, तर तोच हिशेब ९५ गुणिले पाच भागिले बारा होतो: जवळजवळ ४० मिलिमीटर. तीन मीटर पुढे सरकल्याने जे मिळतं ते अ‍ॅपर्चरच्या सव्वा स्टॉपहून अधिक (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) उघडल्याने मिळत नाही. हे आकडे पहिल्यांदा मांडले तेव्हापासून मोठ्या लेन्सची ओढ माझ्यापुरती बरीच कमी झाली. अर्थात जवळ जायचं ते पक्ष्याच्या मर्जीने. मान ताठ झाली, शेपटीचा झटका वाढला की थांबायचं, आणि घरट्याच्या आसपास तर हा प्रयोग करायचाच नाही.

बाजारातल्या बाकीच्या पर्यायांबद्दल थोडंसं. कॅननच्या २०२० मधल्या आरएफ ६०० आणि ८०० या दोन्ही लेन्स एफ/११ च्या. वजनाला सुखद, पण त्यांची तोंडं अनुक्रमे सुमारे ५५ आणि ७३ मिलिमीटरची, आणि सगळ्यात जवळचा फोकस साडेचार आणि सहा मीटरवर. म्हणजे जवळ जाऊन भरपाई करायची सोयही मर्यादित. निकॉनची २०१८ मधली ५०० एफ/५.६ पीएफ दीड किलोच्याही आतली, तोंड ८९ मिलिमीटर, म्हणजे आकाराच्या हिशेबात या झूमच्या अगदी जवळ. तिच्यात फ्रेनेल जातीचं भिंग आहे, आणि फ्रेममध्ये तीव्र उजेडाचा स्रोत आला तर त्याभोवती रंगीत कडं दिसू शकतं, असं निकॉन स्वतःच सांगते. आरशावाल्या ५०० एफ/८ लेन्सच्या चकतीला मधे भोकच असतं, कारण पुढच्या बाजूला दुसरा आरसा बसवलेला असतो. पाण्यावरची चमक मागे असेल तर सगळीकडे कडीच कडी. पक्ष्यांसाठी मी ती सुचवणार नाही.

या झूमकडून मागचा भाग थोडा तरी शांत करून घेण्यासाठी काय करता येतं? सगळ्यात आधी पुढचा संरक्षक फिल्टर काढावा. ९५ मिलिमीटरची काच पूर्ण सपाट असणं अवघड, आणि ६०० ला तिच्यातला बारीकसा वाकडेपणाही मागच्या रेघा दुहेरी करतो. काच काढून आणि लावून तेच झुडूप टिपलं, तर फरक मोठा करून न बघताही कळतो. पुढे हूड लावला की संरक्षणाचं काम पुरेसं होतं.

अ‍ॅपर्चर एफ/७.१ वर आणलं तर कडेचे किरण कापले जातात आणि चकतीची उजळ कडा थोडी नरमते. चकती किंचित लहान होते, पण मागे जवळच्या काड्या असतील तर हा सौदा मला परवडतो. फ्रेमच्या कोपऱ्यांत चकत्या चपट्या, मांजरीच्या डोळ्यासारख्या होतात, त्याही यामुळे थोड्या गोल होतात. एफ/८ च्या पुढे मात्र जाऊ नये, तिथे फायदा संपतो आणि काड्या ओळखू यायला लागतात. शटर १/२००० सेकंदापेक्षा वेगवान असेल तेव्हा मी स्टॅबिलायझर, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, बंद ठेवते. त्यातलं भिंग सतत सरकत असतं, आणि माझ्या लेन्समध्ये काही फ्रेममधली जाळी त्याच्यामुळे जास्त बोचरी होते. दर वेळी होते असं नाही, पण एवढ्या शटरला त्याची गरजही नसते.

१.४ चा टेलिकन्व्हर्टर, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे बसवून लांबी १.४ पट करणारा जोड, या झूमला लावू नये. तोंडाचं माप तेवढंच राहतं, म्हणजे पक्ष्याच्या तुलनेत चकती तेवढीच. पक्षी मोठा होतो, त्याच्याबरोबर जाळीही मोठी होते. उजेड मात्र एक स्टॉप जातो.

उन्हं चढल्यावर जमिनीवरून वर येणारी गरम हवा हा आणखी एक त्रास. ती मागच्या रेघांना वळवळतं करते आणि दोष लेन्सच्या माथी जातो. सकाळी काढलेली आणि दुपारी काढलेली तीच चौकट शेजारी ठेवून बघा. घरी आल्यावर शार्पनिंग फक्त पक्ष्यावर, मास्क लावून, म्हणजे बाकीची फ्रेम झाकून, करा. सगळ्या फ्रेमवर एकदम केलं की आधीच उजळ असलेल्या कडा आणखी टोकदार होतात.

खरा फरक पडतो तो जागेने. उभं राहून जमिनीवरच्या धोब्याचा फोटो काढला तर त्याच्या मागे दोन-तीन हातांवरचीच माती आणि गवत येतं. पोटावर झोपलं की नजर जमिनीला समांतर होते आणि मागचा भाग एकदम शंभर मीटर लांब जातो. काटकीवरच्या पक्ष्यासाठी अर्धा मीटर डावी-उजवीकडे सरकलं तरी, १२ मीटरवरचं झुडूप त्याच्या मागून १० सेंटिमीटर बाजूला जातं. डोक्यामागची रेघ खांद्यामागे न्यायला तेवढं पुरतं. व्ह्यूफाइंडरमधून पक्ष्याचा डोळा बघायच्या आधी त्याच्या मागे काय आहे ते बघायची सवय या लेन्सने मला लावली, आणि त्याबद्दल मी तिची ऋणी आहे.

विकत घ्यायच्या आधी एवढं करून बघा. ६०० वर, पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला, दहा-बारा पावलांवरच्या एखाद्या खांबावर किंवा फांदीच्या टोकावर फोकस लावा, आणि मागे दोन मीटरवर बिनपानांचं झुडूप किंवा तारेची जाळी येईल अशी जागा घ्या. रेघा एकेरी आणि धुरकट दिसल्या तर ती प्रत उचला. अंधाऱ्या खोलीत लांब ठेवलेला एक बारीक एलईडी दिवा फोकसबाहेर नेऊनही चकती तपासता येते: कडा किती उजळ, आत कांद्यासारखी वलयं आहेत का, चकती एका बाजूला झुकलेली आहे का. झुकलेली असेल तर ती प्रत परत करा, कारण तिच्यातलं एखादं भिंग जागेवर नाही.

मोकळ्या पाणवठ्यावर, किनाऱ्यावर, उंच फांदीवरच्या वेड्या राघूसाठी किंवा आकाशात फिरणाऱ्या शिकारी पक्ष्यासाठी ही झूम मी डोळे झाकून सुचवेन. झुडपात लपणारे वटवटे आणि शिंजीर हाच तुमचा छंद असेल, तर थोडी कमी लांबीची पण जवळ फोकस होणारी लेन्स बघा: ३०० एफ/४ चं तोंड ७५ मिलिमीटरचंच, पण वजन कमी असल्याने ती घेऊन झुडपाच्या बाजूने सरकत जाता येतं. मी ही झूम ठेवली आहे. पुढचा खर्च जमिनीवर ठेवायच्या बीन बॅगवर आणि अंगावर घ्यायच्या मळकट हिरव्या कापडावर करणार आहे.