आठाचा नऊ केलेला रुपया

जुन्या नाण्यांचा नाद असलेल्या माणसाला अमळनेरसारख्या गावात बोलायला कोणी मिळत नाही. घरचे म्हणतात, सराफाकडे देऊन चांदीचे पैसे करा. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर खान्देशातल्या नाणेवाल्यांचा ग्रुप सापडल्यावर मी तिथे रमलो. ग्रुप होताही जिवंत. सकाळपासून फोटो, रोज रात्री लिलाव, ‘माल मिळाला, एक नंबर’ असे निरोप. अ‍ॅडमिन अहिराणीत बोलायचा, वडीलधाऱ्यांना नाना, आबा म्हणायचा. सुरुवातीला घेतलेले तांब्याचे पाव आणे वेळेवर आले आणि अस्सल निघाले. पुढच्या मोठ्या सौद्याची ती पेरणी होती.

मग लिलावात १९३९ चा रुपया आला. सहाव्या जॉर्जचा हा चांदीचा रुपया फार दुर्मीळ आहे, त्याच्या नकला मात्र भरपूर. अ‍ॅडमिनने काट्यावर ठेवून व्हिडिओ टाकला, वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर. बोली भराभर चढली. माझ्या बोलीवर बोली चढवणारे तिघे-चौघे दर वेळी तेच होते, हे जुने लिलाव पुन्हा वाचताना लक्षात आलं. पैसे आधी, माल नंतर. ‘आपलाच माणूस शे, काळजी करू नका.’

नाणं आलं, वजनही तेवढंच भरलं, चांदीही खरी. धुळ्यातल्या एका जुन्या सराफाने भिंगाखाली धरलं आणि लगेच म्हणाला, ‘नाना, हाई आठना नऊ करेल शे.’ १९३८ चा रुपया सहज मिळतो. त्याच्या आठाचं खालचं डावं वळण कोरून काढलं की नऊ होतो. तिथला नाण्याचा सपाट भाग किंचित खोल आणि खरखरीत दिसत होता. वजनाच्या व्हिडिओत हे कसं दिसणार? व्हिडिओ खराच होता, म्हणून तर तो दाखवला.

ग्रुपवर भिंगातला फोटो टाकला. काही मिनिटांत तो गायब आणि मीही बाहेर. दोन दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन आला: तुमचं नाणं रिझर्व्ह बँकेमार्फत विकून देतो, आधी शुल्क भरा. फसलेल्याला पुन्हा पिळायचा हा दुसरा घाणा. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारासाठी आपण कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही, हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं आहे. तिथे मी फोन ठेवला.

आता मी नवीन ग्रुपमध्ये गेलो की वर्दळ बघत नाही, भांडणं शोधतो. नाणेवाले मुळात खोड काढणारे. कडा बघतील, टांकसाळीची खूण बघतील, ‘ओतीव आहे’, म्हणजे साच्यात ओतलेलं नकली आहे, म्हणून दुसऱ्याचा फोटो उडवून लावतील. त्या फसव्या ग्रुपवर इतके फोटो आले, पण ‘हे खोटं आहे’ असं कोणी एकदाही म्हणालं नाही. आता मी आधी माझ्याकडचंच एक ओळखीचं नकली नाणं टाकून बघतो. सगळ्यांनी ‘वा, सुंदर’ म्हटलं की निघतो. सध्या ज्या ग्रुपमध्ये आहे तिथे दिवसभर शुकशुकाट असतो, पण त्या नाण्यावर पहिल्याच तासात दोघे तुटून पडले. त्यातल्या एकाला पुढे नाशिकच्या प्रदर्शनात भेटलोही.

कुणी यात अडकलं असेल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा किंवा सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात. माझी थोडीच रक्कम गोठवता आली. आणि ग्रुपवर जाब विचारण्याआधी लिलावाचे, बोलीचे, अ‍ॅडमिनच्या नंबरचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण अ‍ॅडमिनला सगळ्यांचे मेसेज पुसता येतात. पोलिसांनी माझ्याकडे आधी मागितला तो यूपीआय व्यवहाराचा क्रमांक. तो बँकेच्या नोंदीत असतो, तिथे अ‍ॅडमिनचा हात पोचत नाही.