‘सेल गेलाय’ म्हणत ४९,३२४ रुपये नेले: उभ्या ईव्हीची बॅटरी उतरत असेल तर आधी हे वाचा

एका ‘ईव्ही बॅटरी तज्ज्ञा’ने माझ्याकडून ४९,३२४ रुपये उकळले. गाडीत दोष होता तो डॅशकॅमच्या, म्हणजे पुढच्या काचेजवळच्या कॅमेऱ्याच्या, एका वायरीचा. हे लिहिताना अजून हात थरथरतात, पण गप्प बसले तर तो उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी पार्किंगमध्ये उभा असेल.

मुलीच्या बाळंतपणासाठी तीन आठवडे बंगळुरूला गेले होते. गाडी पुण्यात, सोसायटीच्या बेसमेंटमध्ये. जाताना ७४ टक्के चार्ज होता, आले तेव्हा ६५. किल्ली माझ्याकडे, कोणी हात लावलेला नाही, मग नऊ टक्के गेले कुठे? कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला तर जवळजवळ महिन्यानंतरची तारीख मिळाली. ‘तोवर गाडी चालवू का, काही धोका आहे का’ या प्रश्नाला ‘आणल्यावर बघू’ एवढंच उत्तर. अशा वेळी माणूस बाहेर विचारणारच. इन्स्टाग्रामवर या ‘तज्ज्ञा’चे व्हिडिओ होते, खाली पन्नासेक लोकांनी ‘खूप छान काम’ लिहिलेलं.

तो घरी आला, स्टिअरिंगखाली स्कॅनर लावला, दहा मिनिटं मोबाइलकडे बघत राहिला आणि म्हणाला, “ताई, बॅटरीतलं एक मॉड्यूल, म्हणजे सेलचा एक गट, गेलंय. सेल इम्बॅलन्स आहे, आतले सेल सारखे भरत नाहीत. गाडी बेसमेंटमध्ये लावताय, वर सात मजले माणसं राहतात.” या एका वाक्यावर त्यानं मला गाठलं. आमच्या सोसायटीत बेसमेंटमधल्या चार्जिंगवरून आधीच भांडणं चालू आहेत. उद्या काही पेटलं तर लोक माझ्या दारात येणार, हे त्याला न सांगता कळलं असावं. नवा पॅक, म्हणजे गाडी चालवणारी अख्खी मोठी बॅटरी, सात लाखांना पडेल म्हणाला आणि लगेच स्वतःच ‘स्वस्त’ उपाय काढला.

बिल असं: तपासणी १,५००, सेल बॅलन्सिंग २४,०००, बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा) सॉफ्टवेअर ९,५००, बारा व्होल्टची (दिवे, लॉक वगैरे चालवणारी छोटी) नवी बॅटरी ६,८००. एकूण ४१,८००, त्यावर १८ टक्के जीएसटी ७,५२४. वीस हजार आगाऊ, बाकी २९,३२४ गाडी परत आल्यावर, दोन्ही यूपीआयने.

आता तो क्षण सांगते, जो डोक्यातून जात नाही. त्यानं स्कॅनचा रिपोर्ट पीडीएफ करून पाठवला होता. गाडीचं मॉडेल बरोबर, तारीख बरोबर, खाली रंगीत आलेख. आणि ओडोमीटरच्या रकान्यात ४१,११८ किलोमीटर. माझी गाडी तेव्हा १८,६०० च्या आसपास होती. मी ते पाहिलं. मी विचारलंसुद्धा. तो डोळ्याची पापणी न लवता म्हणाला, “ते रस्त्यावरचे किलोमीटर नाहीत ताई, बॅटरीच्या चार्जिंग सायकलवरून काढलेले असतात.” इतकं सरळ उत्तर! माझी सगळी नोकरी लोकांची बिलं तपासण्यात गेली, आकडा जुळला नाही तर मी कागद पुढे सरकू देत नसे. पण ज्या विषयातलं आपल्याला कळत नाही, त्यात समोरच्यानं कारण दिलं की माणूस मान डोलावतो. तो रिपोर्ट दुसऱ्याच गाडीचा होता. त्याच मिनिटाला त्याला बाहेर काढायला हवं होतं.

गाडी सकाळी नेली, संध्याकाळी आणून दिली. ‘पॅक खाली उतरवून उघडला’ म्हणाला. पुढच्या दोन आठवड्यांत गाडी जवळपास उभीच होती आणि टक्के पूर्वीसारखेच उतरले. त्याला फोन केला तर ‘सेटल व्हायला वेळ लागतो’. मग फोन उचलणंच बंद.

शेवटी माझा भाचा आला. त्याचा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालाय. टॉर्च घेऊन तो गाडीखाली सरकला आणि मलाही वाकून बघायला लावलं. पॅकच्या कव्हरच्या बोल्टांवर दिवाळीत कोकणातून आलेली लाल माती जशीच्या तशी घट्ट बसलेली. एकाही बोल्टवर पान्याचा ओरखडा नाही. पॅक उतरवायला ते सगळे बोल्ट काढावेच लागतात. २४,००० रुपये कशाचे घेतले मग?

मग त्यानं खरी तपासणी केली. गाडी लॉक करून तासभर झोपू दिली, म्हणजे तिची आतली यंत्रणा बंद होऊ दिली, नाहीतर आकडा चुकीचा येतो. नंतर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर बारा व्होल्टच्या बॅटरीच्या वायरीला लावला. ०.३४ अँपिअर. डॅशकॅमचा फ्यूज काढला, ०.०३. संपला विषय. ॲक्सेसरीच्या दुकानदारानं कॅमेऱ्याची वायर कायम चालू राहणाऱ्या फ्यूजवर जोडली होती, व्होल्टेज पडल्यावर बंद करणारा कटऑफही नव्हता. ०.३४ अँपिअर म्हणजे साधारण चार वॅट, दिवसाला शंभरेक वॅट-अवर, तीन आठवड्यांत दोन युनिट. माझ्या गाडीत छोटी बॅटरी उतरली की गाडी स्वतः जागी होऊन मोठ्या पॅकमधून ती भरते, त्या जागं होण्यातही वीज जाते. तीस युनिटच्या पॅकमध्ये नऊ टक्क्यांचा हिशेब तिथेच लागतो. ज्या गाड्या अशी आपोआप भरत नाहीत, त्यांची छोटी बॅटरी मरते आणि पॅक भरलेला असूनही गाडी उघडत नाही. त्यालाही हे लोक ‘पॅक गेला’ म्हणतात. मोबाइलच्या ॲपवर सारखं चार्ज बघत राहिलात तरी काही गाड्या झोपत नाहीत, तेही आधी बंद करून पाहा.

माझी चांगली बारा व्होल्टची बॅटरी ‘भंगार’ म्हणून तो ‘तज्ज्ञ’ घेऊन गेला, ते वेगळंच. जुना भाग कधीही परत मागून घ्या.

आता पोलीस. चौकीत पहिलं वाक्य, “मॅडम, पैसे तुम्ही स्वतः दिलेत ना? मग हे सिव्हिल मॅटर आहे.” खोटा रिपोर्ट दाखवून, न केलेल्या कामाचे पैसे घेणं सिव्हिल? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीसाठीच आहे ना? हे म्हटल्यावर “तुम्हीच कायदा शिकवा आता” असं ऐकून घेतलं. तिथून सायबरला जा, सायबरवाले म्हणाले माणूस घरी आला होता, आमच्याकडे येत नाही. बँक म्हणाली पिन तुम्हीच टाकला. सर्व्हिस सेंटरनं तर कहर केला. पॅक उघडला गेला नाही एवढंच लेखी द्या म्हटलं, तर “बाहेरच्या माणसानं हात लावलाय, वॉरंटीचं बघावं लागेल” अशी उलट मलाच भीती घातली. आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी छापून गाडी विकता आणि ग्राहक घाबरून विचारतो तेव्हा महिनाभर दार बंद? या फटीतच असली माणसं जगतात. दिवसभर प्रत्येक टेबलावर तीच गोष्ट पहिल्यापासून सांगायची आणि प्रत्येकानं आपल्याकडे आपणच चोर असल्यासारखं बघायचं!

त्या बिलावरचा जीएसटी नंबरही मी नंतर मोजला. १४ अक्षरं. खरा १५ अक्षरी असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या पोर्टलवर मिनिटात तपासता येतो. पैसे देण्याआधी तपासा. यूपीआयवर दुकानाऐवजी भलत्याच व्यक्तीचं नाव आलं तर थांबा. आणि वॉरंटीतल्या गाडीचा पॅक बाहेरच्या कुणालाही उघडू देऊ नका, तीनशे व्होल्टच्या वर खेळ असतो. इन्सुलेटेड हातमोज्यांशिवाय जास्त व्होल्टेजच्या नारिंगी केबलजवळ जाणारा माणूस तंत्रज्ञ नव्हे.

चौकीत तक्रार घेतली नाही तर वरिष्ठांना लेखी पाठवा, पोच ठेवा. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. मी तिथे अर्ज केला आहे. बोल्टवरच्या मातीचे फोटो, मीटरचा व्हिडिओ आणि तो पीडीएफ सोबत जोडलाय.

पुण्यात किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये कुणाला असा बॅटरी रिपोर्ट मिळाला असेल, तर तो उघडून ओडोमीटरचा रकाना पाहा. तिथे ४१,११८ लिहिलेलं असेल तर फाइल डिलीट करू नका, मला कळवा. एकच रिपोर्ट दोघांना विकल्याचं आयोगासमोर ठेवता आलं, तर त्याला ‘सायकलवरून काढलेले किलोमीटर’ म्हणून सुटता येणार नाही.