हाताची गोधडी आणि गावरान कोंबड्या: निफाडकडचा पूर्ण हिवाळा काढल्यावरचा अनुभव

आमची वस्ती निफाड तालुक्यात, गावापासून लांब, तिन्ही बाजूंनी द्राक्षबागा आणि मागे ऊस. महाराष्ट्रात कसली आलीय थंडी असं म्हणणाऱ्यांनी डिसेंबरात एकदा पहाटे पाचला इकडे यावं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा दर हिवाळ्यात पेपरात येतो, २०१८ च्या डिसेंबरअखेर तर तो २ अंशांच्याही खाली गेला होता, आणि असं झालं की बागवाले रात्रभर बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे ड्रिप सोडतात, कारण तयार होत आलेले मणी थंडीनं तडकतात. अशा ठिकाणी पांघरूण आणि खुराडं दोन्हीची खरी परीक्षा होते म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी गोधडी. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या वस्तीवरच्या मावशींकडून दोन शिवून घेतल्या, कपडा आमचाच. सासूबाईंची जुनी सुती नऊवारी वर आणि खाली, आत सहावारी साड्यांचे आणि मामंजींच्या धोतराचे चार-पाच थर. मावशींनी कपडा घेतानाच हातानं चोळून बघितला आणि सिंथेटिक साड्या बाजूला काढून परत दिल्या, म्हणाल्या ह्या टाक्याखाली सरकतात, गोळा होतात आणि घाम पण धरत नाहीत. मग अंगणात थर अंथरून, चारी बाजूंनी दगड ठेवून, कडेनं धावदोरा सुरू केला आणि चौकोन चौकोन करत मध्यापर्यंत आणला. दोन ओळींमध्ये बोटभर अंतर, कुठंच जास्त नाही. हे अंतरच बघून घ्यायचं असतं बरं का, कारण लांब टाके दिसायला झटपट पण दोन धुण्यांत आतला कपडा जागा सोडतो.

त्याआधी आम्ही ऑनलाइन एक फायबरची रजई मागवली होती, कंपनीचं नाव नको. पहिल्या आठवड्यात मऊ मऊ, मग धुतली आणि आतलं फायबर कोपऱ्यात जाऊन बसलं, मधे नुसतं कापड. शिवाय तिच्याखाली अर्ध्या रात्री घाम यायचा आणि पाय बाहेर काढला की गार. गोधडीचं तसं होत नाही, अंगावर घेतल्यावर पहिली पाच मिनिटं गार लागते पण एकदा तापली की सकाळपर्यंत तशीच राहते. वजन मात्र आहे, लहान मुलांना पूर्ण मोठी गोधडी देऊ नका, त्यांच्यासाठी तीन थरांची छोटी शिवून घ्या.

आणि सगळ्यात कामाची गोष्ट ही की दोन गोधड्या असतील तर दोन्ही अंगावर घेऊ नका, एक खाली अंथरा. शहाबादी फरशीवर झोपणाऱ्यांना थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते. आमच्याकडे खाली गोधडी आल्यापासून सासूबाईंचं सकाळचं कंबर धरणं बरंच कमी झालंय, त्या स्वतः सगळ्यांना सांगत असतात.

कोंबड्यांचं पण अगदी हेच, वरून झाकण्यापेक्षा खालची जागा महत्त्वाची. आमच्याकडे गावरान आहेत आणि थोड्या ग्रामप्रिया, म्हणजे जास्त अंडी देणारी सुधारित जात. हिवाळ्यात लोक खुराडं चारी बाजूंनी प्लास्टिकनं गच्च बंद करतात, उब राहील म्हणून, आणि मग आत विष्ठेचा अमोनिया कोंडतो, डोळे चुरचुरतात, कोंबड्या शिंकायला लागतात. आम्ही खालचा अर्धा भाग गोणपाटानं झाकला आणि वरची जाळी मोकळी ठेवली. खाली भाताचं तूस चांगलं चार बोटं जाड टाकलं, रोज दुपारी उन्हं आत आली की काठीनं हलवायचं आणि ओलं झालेलं लगेच काढून टाकायचं. मोठ्या कोंबडीला पिसं असतात, तिला उबेपेक्षा कोरडी जागा जास्त लागते. एवढ्या थंडीत एकही मोठी कोंबडी गेली नाही.

अंडी कमी होतात ते थंडीपेक्षा उजेडामुळे. चांगली अंडी द्यायला १४ ते १६ तास उजेड लागतो आणि डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम ११ तासांचा. म्हणून पहाटे चारपासून उजाडेपर्यंत एक छोटा एलईडी बल्ब टायमरवर लावला. संध्याकाळी लावू नका, कारण बल्ब अचानक गेला की कोंबड्या अंधारात दांडीवर चढू शकत नाहीत, खालीच बसतात. लाइटीचा भरवसा नसेल तर बॅटरीवरचा बल्ब घ्या, आमच्याकडे पहाटेच लाइट जाते. ग्रामप्रियांनी पंधरवड्यात फरक दाखवला, गावरान आपल्या मर्जीच्या, त्यांचं फार काही बदललं नाही.

पिलांचं गणित वेगळं. खुडूक कोंबडीखाली बसवलेली अंडी २१ दिवसांत फुटली की ती आईच पिलांना पंखाखाली घेते, तिथं आपल्याला काही करावं लागत नाही. पण विकत आणलेल्या एका दिवसाच्या पिलांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास उब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. थर्मामीटर नसला तरी चालतं, पिलंच सांगतात. उबेच्या बल्बखाली एकावर एक चढून चिवचिव करत असतील तर गार पडलीत, कडेला जाऊन चोच उघडून बसली असतील तर जास्त तापलंय, आणि सगळीकडे पसरून खात-पीत असतील तर बरोबर. पाणी कोमट द्या. जुन्या गोधडीचे तुकडे पिलांखाली अंथरायचा मोह होतो पण सासूबाईंनी तो आधीच हाणून पाडला, सुटलेला दोरा पिलाच्या पायात गुरफटतो किंवा ते गिळतं. त्यापेक्षा तुसावर पहिले काही दिवस पेपर. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस पहिल्या आठवड्यातच डोळ्यात थेंब टाकून करून घ्या, हे टाळू नका, एकदा रोग आला की खुराडं रिकामं होतं.

बिबट्याचं पण सांगायला हवं. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी अंधार पडायच्या आत कोंबड्या कोंडल्याच पाहिजेत, आणि खुराड्याला साधी कोंबडी-जाळी पुरत नाही, वेल्डमेश म्हणजे वेल्डिंग केलेली जाड तारेची जाळी लावा आणि खाली जमिनीत फूटभर पुरा, मुंगूस उकरून येतं.

गोधडी धुणं हे खरंच कष्टाचं आहे. भिजली की एकट्या बाईला उचलत नाही, पिळायला दोघं लागतात आणि हिवाळ्यातल्या उन्हात पूर्ण वाळायला दोन दिवस जातात, त्यामुळे थंडीभर आम्ही नुसतं उन्हात टाकतो आणि मार्चमध्ये एकदाच धुतो. आत्ता धुतल्यावर बघितलं, एका गोधडीच्या कडेचा दोरा थोडा झिजलाय, बाकी टाका जसाच्या तसा. झिजलेला दोरा दिसला की लगेच दोन टाके मारून घ्यायचे.

कोणाला शिवून घ्यायची असेल तर आत्ताच, उन्हाळ्यात सांगा. ऑक्टोबर छाटणीनंतर आमच्याकडच्या बाया डिपिंग (घड औषधात बुडवणं) आणि थिनिंगला (मण्यांची विरळणी) जातात, मग द्राक्ष काढणी, तेव्हा कितीही मजुरी देतो म्हटलं तरी कोणाला वेळ नसतो. आणि मजुरीत घासाघीस करू नका, एका गोधडीला दुपारच्या दुपार जातात आणि मान मोडून येते. आम्ही मावशींना ठरल्यापेक्षा वर पैसे आणि महिनाभर अंडी दिली, आणि पुढच्या गोधडीचा कपडा आत्तापासूनच बाजूला काढून ठेवलाय.